छपराच्या तपासणीचा मुहूर्त कोणता?

गोव्यात घराच्या छपराची आठवण मे महिन्यात होते. परीक्षा आटोपतात, चाकरमानी सुट्टीवर येतात आणि त्याच सुमारास शाकारणीसाठी माणसे शोधण्याची धांदल उडते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येणार, हा हिशेब त्यामागे असतो. 2025 साली हा हिशेब चुकला. वळिवाने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच झोड उठवली आणि 25 मे रोजी मोसमी पाऊस गोव्यात दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. महिनाअखेरीस कामे काढण्याच्या बेतात असलेल्यांच्या हाती ताडपत्रीखेरीज काही उरले नाही.

पाऊस दरवर्षी इतका लवकर येईल असे नाही. मात्र छपराची तपासणी आणि दुरुस्ती ही दोन्ही कामे एकाच महिन्यात कोंबण्याची सवय किती धोक्याची आहे, हे त्या वर्षाने दाखवून दिले. पणजी, वास्को यांसारख्या किनारी शहरांत आता व्यावसायिक तपासणीची भाषा ऐकू येऊ लागली आहे. ड्रोन, ओलावा मोजणारी यंत्रे आणि छायाचित्रांसह अहवाल असे तिचे स्वरूप असते. ही तपासणी नेमकी कशाची, कोणी, केव्हा आणि कोणासाठी करायची, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही.

खारा वारा आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस

किनाऱ्यावरील छपराला एकाच वेळी दोन शत्रूंशी झुंजावे लागते. वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस आणि तोही बहुतांश चार महिन्यांत, हा पहिला. दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील मिठाचे सूक्ष्म कण भिंती, पत्रे, खिळे आणि काँक्रीट यांवर बारा महिने बसत राहतात. डिसेंबरातल्या कोरड्या दिवसांतही हे काम थांबत नाही.

काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाने (आयएस 456:2000) ही गोष्ट मान्य केलेली आहे. किनारी वातावरणाला थेट सामोरे जाणाऱ्या काँक्रीटची गणना त्यात ‘तीव्र’ वर्गात होते आणि सळईवर किमान 45 मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असावे, असे ते सांगते. समुद्राच्या पाण्याचे तुषार जिथे पोहोचतात तिथे हे आवरण 50 मिलिमीटर हवे. किनारी शहरांत उभ्या असलेल्या जुन्या इमारतींपैकी पुष्कळशा या मानकाच्या आधीच्या आहेत. त्यांच्या स्लॅबचा पोपडा निघतो तेव्हा जेमतेम बोटभर आवरणाखाली गंजलेली सळई उघडी पडलेली दिसते. लोखंड गंजले की त्याचे आकारमान मूळच्या दुपटीहून अधिक होते. फुगलेली सळई काँक्रीटला आतून फोडते, त्या भेगेतून पुन्हा खारे पाणी शिरते आणि ऱ्हासाचा वेग वाढत जातो. म्हणूनच छतावर दिसणारा तांबूस डाग ही रंगाऱ्याने झाकून टाकण्याची बाब नव्हे.

कौलांखालचे लाकूड

कौलारू घराची गोष्ट वेगळी आहे. बाझेल मिशनने 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली चपटी, एकमेकांत अडकणारी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. त्यापूर्वीचे अर्धगोल नळे आजही जुन्या घरांच्या मागील पडव्यांवर आढळतात. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौले लागतात. एखादे फुटले तर ते बदलता येते. हा गुण स्लॅबमध्ये नाही.

परंतु कौलारू छपराचा जीव कौलांत नसून खालच्या लाकडात असतो. आढे, वासे आणि रिपा ठणठणीत असतील तर कौले दहा वेळा बदलता येतील. वाशाचे भिंतीत रुतलेले टोक कुजले असेल, तर नवी कोरी कौले चढवून काहीच साधत नाही, उलट भार वाढतो. चिऱ्याच्या भिंतीतून ओल वर चढते आणि वाशाचे टोक नेमके तिथेच विसावलेले असते. वाळवीही तिथूनच शिरते. माडाच्या वाशाला बाहेरून काही झालेले दिसत नाही, आतला गाभा मात्र पोकळ झालेला असतो. अनुभवी सुतार हातोडीने वाजवून हे ओळखतो. आकाशातून टिपलेल्या छायाचित्रात ते उमटत नाही.

येथे ड्रोनविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. सरकलेली कौले, फुटलेले कोने, दोन पाखी मिळतात तिथे साचलेला पालापाचोळा, वानरांनी केलेली नासधूस हे सारे ड्रोन चांगले दाखवतो आणि निसरड्या कौलांवर माणूस चढवण्याचा धोकाही टळतो. पण छपराच्या पोटात काय चालले आहे हे माळ्यावर चढून, विजेरी आणि टोचणी घेऊनच पाहावे लागते. शिवाय 2021 च्या ड्रोन नियमांनुसार लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही. दाबोळीचा नौदल तळ आणि विमानतळ लक्षात घेता वास्को परिसरात क्षेत्र कोणते हे आधी नकाशावर तपासणे क्रमप्राप्त ठरते. ‘ड्रोन सर्वेक्षण’ या दोन शब्दांवर भाळून दिलेले पैसे अर्ध्याच तपासणीचे असू शकतात.

कोब्यावर कोबा

स्लॅबच्या घरांत गळती सुरू झाली की पहिला उपाय म्हणजे वर आणखी एक थर. विटांचे तुकडे घालून केलेला दहा सेंटिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला जवळपास 200 किलो भार टाकतो. वावर असलेल्या गच्चीसाठी मानकांनुसार माणसे व सामान यांचा जो भार गृहीत धरला जातो, तो दर चौरस मीटरला सुमारे 150 किलो असतो. म्हणजे जुना कोबा न खोदता त्यावर घातलेला दुसरा थर एकटाच या तरतुदीहून अधिक होतो. त्यात हजार लिटरची पाण्याची टाकी म्हणजे आणखी एक टन. गंजलेल्या सळ्यांवर हे ओझे चढते आणि घरमालक समजतो की आपण छप्पर मजबूत केले.

यापुढे याच गच्चीवर सौर पॅनेलही येणार आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉट क्षमतेच्या संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे मानले जाते. खालचा स्लॅब तितकी वर्षे टिकणार का, हा प्रश्न पॅनेल बसवण्याआधी विचारायला हवा. अन्यथा पाच वर्षांत गळतीसाठी सारा सांगाडा उतरवावा लागेल आणि तो खर्च अनुदानात बसणार नाही. सांगाड्याचे पाय रोवताना जलरोधक थराला पाडलेली भोके हेही गळतीचे एक कारण ठरते. किनाऱ्यावर तर वाऱ्याची ओढ अधिक. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा पत्रे उडाले आणि झाडे छपरांवर कोसळली, हे विसरता येण्यासारखे नाही.

तपासणारा आणि दुरुस्त करणारा

या व्यवसायातील कळीचा मुद्दा यंत्रांचा नसून हितसंबंधांचा आहे. ‘तपासणी मोफत’ अशी जाहिरात करणारा बहुधा जलरोधक रसायन किंवा रंगीत पत्रे विकणारा असतो. त्याच्या अहवालाचा निष्कर्ष बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. गळतीचे मूळ फुटक्या पन्हळीत असू शकते, न्हाणीघराच्या नळात असू शकते किंवा शेजारच्या भिंतीच्या सांध्यातही असू शकते. त्यातून काही विकले जाणार नसल्याने ते सापडतही नाही.

म्हणून तपासणीचे शुल्क वेगळे द्यावे आणि तपासणाऱ्याने दुरुस्तीचे काम घेऊ नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ फसवणूक टळेल. स्लॅबसाठी स्थापत्य अभियंता हवा. हातोड्याच्या उसळीवरून पृष्ठभागाचा कणखरपणा, ध्वनिलहरींच्या वेगावरून आतील पोकळी आणि विद्युतविभवावरून सळईच्या गंजाची शक्यता अजमावता येते. या चाचण्यांचे आकडे अहवालात असावेत, केवळ ‘स्थिती समाधानकारक’ असा शेरा नको. कौलारू घरासाठी अभियंत्याबरोबर जाणता सुतार असणे हिताचे. कोणते काम आत्ताच हवे, कोणते दोन वर्षे थांबू शकते आणि कशावर नुसते लक्ष ठेवायचे, अशी तीन भागांतील विभागणी नसलेला अहवाल घरमालकाच्या उपयोगाचा नसतो. ब्रिटनमध्ये घर खरेदीपूर्वीच्या सर्वेक्षणाचे तीन स्तर ठरलेले आहेत आणि प्रत्येक स्तरावर काय पाहिले जाणार हे ग्राहकाला आधी कळते. गोव्यातील असंख्य कुटुंबांची माणसे त्या देशात राहतात. तिथे घर घेताना जी खबरदारी ते घेतात, ती वडिलोपार्जित घराबाबत घ्यायला हरकत नसावी.

छप्पर कोणाचे?

पण गोव्यात अनेक जुन्या घरांच्या बाबतीत तपासणीची मागणी कोणी करायची, येथेच घोडे अडते. वारसाहक्काने घराचे पाच-सात, कधी वीस सहमालक होतात. कोणी मुंबईत, कोणी लिस्बनला, कोणी आखातात. वाटणी झालेली नसते आणि दुरुस्तीचा खर्च एकट्याने केला तर तो परत मिळेल याची शाश्वती नसते. परिणामी सर्वांचे असलेले छप्पर कोणाचेच राहत नाही. भाडेकरूने दुरुस्ती करावी तर घरमालकाला शंका येते. मुंडकाराने वासे बदलायला घेतले की भाटकाराकडून हरकत निघते. अशा घरांत तटस्थ अभियंत्याचा लेखी अहवाल हा वाद मिटवण्याचा नाही, पण निदान वादाचा विषय निश्चित करण्याचा मार्ग ठरू शकतो. किती खर्च, कशासाठी आणि न केल्यास काय होईल, हे कागदावर आले की दूरदेशी असलेल्या सहमालकालाही नाही म्हणताना विचार करावा लागतो.

या कागदाचे इतरही उपयोग आहेत. किनारी नियमन क्षेत्रातील ना-विकास पट्ट्यात अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती वा पुनर्बांधणी करता येते, मात्र पायाचे क्षेत्रफळ आणि चटई निर्देशांक वाढता कामा नये. मूळ घर कसे होते याची मापांसह नोंद हाताशी असेल तर छप्पर कोसळल्यावर ते सिद्ध करण्याची धावपळ होत नाही. विम्यातही हाच अनुभव येतो. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळ व पूर यांनी झालेल्या हानीला संरक्षण आहे, कालौघात झालेल्या झिजेला नाही. वादळापूर्वी छप्पर सुस्थितीत होते हे दाखवायचे तर आधीची छायाचित्रे हवीत. नव्या सदनिकांच्या मालकांसाठी तर मुदतच ठरलेली आहे. स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. चौथ्या पावसाळ्यानंतर केलेली तपासणी सर्वांत स्वस्त पडते, ती यामुळे.

मुहूर्त बदलण्याची गरज

तपासणीची योग्य वेळ मे महिना नव्हे. मे महिन्यात सारे कोरडे असते, डागांवर रंग चढलेला असतो आणि अभियंत्यापासून गवंड्यापर्यंत कोणालाच सवड नसते. पाऊस ओसरल्यावर, दसरा ते दिवाळीच्या दरम्यान ओलीच्या खुणा ताज्या असतात. कुठून पाणी आले हे भिंतच सांगते. तेव्हा अहवाल हाती आला तर दर मागवणे, लाकूड आणि कौले जमवणे, सहमालकांची संमती मिळवणे यासाठी तीन महिने मिळतात आणि प्रत्यक्ष काम जानेवारी ते मार्चमध्ये पुरे होते. मंगळूर पट्ट्यातील कौलांचे अनेक कारखाने बंद पडले आहेत. जुन्या मापाची कौले ऐन वेळी मिळत नाहीत, हे ध्यानात घेता ही सवड चैनीची म्हणता येणार नाही.

सरकारने आणि नगरपालिकांनी यात किती उतरावे, याबद्दल मतभेद होतील. प्रत्येक घरावर सक्ती लादणे गरीब घरमालकाला परवडणारे नाही आणि त्यातून केवळ शिक्के मारणाऱ्यांचे फावेल. पण काही गोष्टी अवघड नाहीत. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करण्याची तरतूद आहे. गोव्यातील संस्थांना आपल्या सर्वसाधारण सभेत असा ठराव करून घ्यायला कोणाची आडकाठी नाही. पालिकांना पात्र अभियंत्यांची आणि सुतारांची यादी, त्यांच्या दरांसह, प्रसिद्ध करता येईल. फोंताइन्हशसारख्या वारसा परिसरात, जिथे एका घराचे छप्पर बसले की शेजारच्या भिंतीलाही ओल लागते, तिथे संपूर्ण गल्लीची एकत्रित तपासणी केल्यास खर्च विभागला जाईल. तंत्रनिकेतनांतील स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली प्राथमिक पाहणीचे काम देता येईल.

शाकारणी करणारी जुनी पिढी दरवर्षी छपरावर चढत होती. एकेक कौल परतताना खालचा वासा तिच्या हाताखालून जात असे आणि तपासणी हा शब्द न वापरता ती होत असे. ती माणसे आता मोजकी उरली आहेत आणि त्यांच्या मुलांनी दुसरे व्यवसाय धरले आहेत. दरसाल आपोआप होणारे हे काम आता कोणाला तरी ठरवून, पैसे मोजून आणि वेळेवर करवून घ्यावे लागणार आहे. यंदाच्या पावसाळ्यात कोणत्या खोलीत, कोणत्या दिवशी, कुठे थेंब पडला याची तारखेसह नोंद आणि मोबाइलवर टिपलेली चार छायाचित्रे, एवढी तयारी घरमालकाने आतापासून ठेवली तर दसऱ्यानंतर येणाऱ्या अभियंत्याचे निम्मे काम झालेले असेल.