हमीपत्रावरील सही

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना काढणारे व्यापारी कुटुंब बहुधा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी स्थापते. कंपनी ही भागधारकांहून स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती होय, हे तत्त्व सालोमन या लंडनच्या चर्मव्यावसायिकाच्या खटल्यात १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने दृढ केले. भारतीय कायद्यासही ते मान्य आहे. म्हणून कंपनीचे कर्ज सहसा घराच्या उंबऱ्याबाहेर थांबते.

वैयक्तिक हमी दिली की तो उंबरा उरत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, वेगळे ठरले नसल्यास जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. संचालकपदाचा राजीनामा दिल्यानेही हमी आपोआप संपत नाही. म्हणून वृद्ध पिता वा सून यांची सही निव्वळ उपचार म्हणून घेऊ नये. हमीची कमाल रक्कम आधी लेखी ठरवून घ्यावी.