फलक नको, दप्तर दाखवा

भंडारा जिल्ह्याला मिशन नवे नाही. स्कॉटिश मिशनने इथे ठाणे मांडले ते एकोणिसाव्या शतकातच. तरीही मिशनच्या बालगृहाचा विषय निघाला की दोन वाक्ये ठरलेली. एक : ‘पोरांना जेवू घालतात ते बाटवण्यासाठी.’ दुसरे : ‘आपण काही करत नाही, ते तरी करतात, मग नाक कशाला खुपसायचे?’ पहिले म्हणणारा स्वतःला धर्मरक्षक समजतो, दुसरे म्हणणारा उदार. मूल दोघांच्याही हिशेबात नसते.

पहिला आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले ते धर्माबाबत तटस्थ राहण्याच्या बोलीवर. सदन पुण्यात आल्यावर काही मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये धर्मप्रसार उघडच होता. जिला दुसरा आसरा नाही तिची संमती कितपत मोकळी, हा टीकाकारांचा प्रश्न आजही बिनतोड आहे.

पण त्यावरून ‘मिशनला हाकला’ हा निष्कर्ष निघत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. तिथल्या शेकडो उपाशी मुली त्यांनी आणल्या, त्यांना लिहायला-वाचायला शिकवले, हाताला काम दिले. मुली मिशनऱ्यांच्या हाती लागू नयेत असे ज्यांना मनापासून वाटले, ते नुसते ओरडत बसले नाहीत. लाला लजपतरायांनी मध्य प्रांतातली अनाथ मुले पंजाबातल्या आर्यसमाजी आश्रमांत नेली. शारदा सदनात शिकलेल्या विधवेशी लग्न केलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. मिशनला चोख उत्तर मिळाले ते दुसऱ्या घरातून. निषेधाच्या ठरावाने कुणाचे पोट भरले नाही.

मात्र केडगाव काय नि पंजाब काय, दोन्ही वाटा मुलाला त्याच्या गावापासून शेकडो कोस दूर नेत होत्या. आजचा खरा प्रश्न इथेच आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडची एखादी विधवा घ्या. रोवणी आणि कापणीपुरते गावात काम, मग वीटभट्टी. पोराला सोबत न्यावे तर शाळा बुडते, म्हणून ती त्याला बालगृहात ठेवते. लोकांच्या तोंडी तो ‘अनाथ’ होतो, आई जिवंत असताना! तिला क्रूस नको असतो, ओमही नको असतो. बालसंगोपन योजनेचे महिन्याचे २,२५० रुपये वेळेवर हातात पडले, तर कदाचित पोर घरीच राहील.

‘सेवा करतात, विचारू नका’ हे म्हणणेही म्हणूनच टिकत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार संस्था कुणाचीही असो, नोंदणी सक्तीची आहे. निराधार सापडलेले मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे आणावे लागते आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते.

मग ‘सगळे सरकारनेच चालवावे’? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. तो कक्ष सरकारचाच होता. सरकारी फलकही मुलाला राखत नाही. राखते ती वेळेवर झालेली तपासणी.

तेव्हा बालगृहाच्या दारात उभे राहून फलक वाचण्यापेक्षा आत जाऊन दप्तर मागा. बालकल्याण समितीचा आदेश आहे का? नातेवाईक शेवटचे कधी भेटले? प्रार्थनेला न बसणाऱ्या मुलाला वेगळी वागणूक मिळते का? अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तो कुठे जाणार? उत्तरे नसतील तर मान्यता काढा आणि मुलांची सोय आधी लावा. संस्था चर्चची असो, मठाची असो वा शासनाची. उत्तरे असतील तर तिला काम करू द्या. तरीही तिचा धर्म खुपत असेल, तर कर्व्यांची वाट मोकळी आहे : दुसरे घर काढा, आणि तुमचेही दप्तर उघडे ठेवा.