करी म्हणे करी!

मंडळी, आज जरा भांडायचंय. भांडण 'करी' या शब्दावरून आहे, पण इंग्रजांशी नाही. त्यांनी तमिळमधून तो उचलला, त्याचं हवं ते करावं.

आणि केलंयही! हॅना ग्लास बाईंच्या १७४७ सालच्या पाकपुस्तकात भारतीय पद्धतीची 'करी' आहे. आज तिकडे रस्सा म्हणजे करी, डब्यातली पिवळी पूड म्हणजे करी, आणि चार मित्र रात्री 'करी खायला' निघाले की पापडापासून नानपर्यंत सगळं जेवणच करी. घोड्याला खरारा करणं हेही 'करी'च! (हा शब्द वेगळा, जुन्या फ्रेंचमधला. मसाल्याशी संबंध नाही. लाळघोटेपणाच्या वाक्प्रचारात येतो तो हाच.) बर्लिनमध्ये तर १९४९ पासून सॉसेजवर करी पावडर भुरभुरून खातात. खाऊ देत बापडे.

माझा राग आपल्यावर आहे. मालवणी हॉटेलाच्या पाटीवर 'फिश करी' कशाला? कालवण म्हणायला लाज वाटते? गोव्यात हुमण आहे की! आमटी म्हटलं की जिभेला आंबट-गोड कळतं. सार म्हटलं की वाटी तोंडाला लावायची. कट म्हटलं की पुरणपोळीचा दिवस. उसळ म्हटलं की कडधान्य, आणि कोल्हापुरात नुसतं रस्सा म्हणून भागत नाही, तांबडा की पांढरा ते सांगावं लागतं. या सगळ्यांना करी म्हणायचं म्हणजे काका, मामा, आत्याचे यजमान सगळ्यांना 'अंकल' म्हणण्यातला प्रकार. तेही करतोच म्हणा आपण.

"बाहेरच्या गिऱ्हाइकाला कळायला हवं ना!" असं म्हणतात. अहो, सांबार दिल्लीला गेलं, लंडनला गेलं, सांबारच राहिलं. गिऱ्हाईक शिकलं. जपान्यांचं सुशी आपण मुकाट्याने शिकलोच ना?

आता अमेरिकेतल्या माझ्या मावसबहिणींनो, तुमच्याकडे वळतो. पोरांना इंग्रजीत समजावताना करी म्हणा, हरकत नाही. पण ताटात वाढताना आमटीला आमटी म्हणा गं. आजीकडे सुट्टीला आल्यावर "आज कुठली करी?" असं विचारलं की तिला काय उत्तर द्यावं तेच कळत नाही. तिने सकाळपासून अळूचं फदफदं केलेलं असतं.

आणि हल्ली मराठी पाककृतींत 'करीपत्ता' लिहितात, तेवढं तरी थांबवा. कढीपत्ता. कढीच्या फोडणीत घालतो तो!