पत्ता सांगणारा सर्व्हर शाळेतच हवा



यवतमाळ हे नाव तुम्ही विसरत नाही. टपालखात्याला मात्र ४४५००१ हा आकडा सोयीचा. संगणकांचेही तसेच. नावावरून आकडी पत्ता सांगणारी 'डीएनएस' ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्यापूर्वी सारी नावे कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेच्या एकाच यादीत असत!

आपल्या जिल्ह्यातील शाळांनी असा सर्व्हर स्वतः चालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 'डीएनएसमास्क' हा चिमुकला, विनामूल्य प्रोग्राम त्याला पुरतो. तो 'कंटेनर'मध्ये, म्हणजे संगणकातल्याच एका अलग कप्प्यात, ठेवावा आणि बाकीच्या संगणकांना त्याचा पत्ता सांगावा. मग बाहेरची लाइन तुटली तरी शाळेत तयार केलेली पाने नावाने उघडतात. शिक्षक म्हणतील, मुले बिघडवतील. बिघडवू द्या! कप्पा पुसून नवा करायला मिनिटही लागत नाही.

नावांना शेपूट मात्र 'डॉट टेस्ट' हेच लावा. ते १९९९ पासून चाचणीसाठी राखीव आहे. पुष्कळ जाणकारांनी घरगुती कामाला 'डॉट डेव्ह' वापरले. पुढे ते गूगलकडे गेले, २०१७ च्या अखेरीस क्रोमने त्यावर सुरक्षित जोडणी सक्तीची केली, आणि त्यांची चालती पाने एकाएकी उघडेनाशी झाली.