पुळण कुठे गेली, ते गावाला सांगा

मा. संचालक,
केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र,
खडकवासला, पुणे



१९१६ पासून आपली संस्था पाण्याचा अभ्यास करते आहे. बंदरांच्या प्रतिकृतींवर सह्याद्रीच्या या बाजूला लाटा सोडून पाहिल्या जातात. कोकणातल्या पुळणींचे भवितव्य काही अंशी पुण्यात ठरते, म्हणून एक पुणेकर हे लिहितो आहे.

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराचा बांध झाल्यावर ‘पांढरा समुद्र’ या पुळणीची वाळू गेली, असे तिथले लोक वर्षानुवर्षे म्हणतात. शेजारच्या मिऱ्याला दगड टाकले, उधाणात ढासळले, पुन्हा टाकले. लोकांचे म्हणणे कितपत खरे, हे मोजमापच सांगेल. ते गावापर्यंत क्वचितच पोहोचते.

पावसाळ्यात पुळण खरवडून निघते, वाळू आत उथळ पाण्यात बसते आणि पाऊस सरला की हळूहळू परतते. ही ये-जा जुनीच. दगडी बंधाऱ्यावर आदळलेली लाट मात्र पायथ्याची वाळू ओढून नेते, मग बंधाऱ्याचेच दगड खचतात. जिथे बंधारा संपतो तिथे पुढची सुरूची झाडे मुळे उघडी पडून आडवी होतात. लगेच मागणी येते, बंधारा आणखी लांबवा. (अशी धूप ठेकेदाराला बरी!)

चेन्नईत बंदरामुळे दक्षिणेला मरीनाची वाळू साठली आणि उत्तरेला रोयापुरमचा किनारा खचला. पुद्दुचेरीतही बंदराच्या बांधांनंतर शहरापुढची वाळू गेली. आपल्याकडच्या पुळणी डोंगराच्या दोन सोंडांमध्ये अडकलेल्या, छोट्या. तिथली वाळू गेली तर भर कुठून पडणार? त्यात खाड्यांमधला वाळूउपसा आहेच.

राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ च्या पाहणीत महाराष्ट्राचा सुमारे पाव किनारा धुपलेला आणि जवळजवळ दोनतृतीयांश स्थिर आढळला. म्हणजे सरसकट दगड टाकायचे कारण नाही. कुठे टाकू नयेत, हेही आपण ठणकावून सांगावे.

विनंती एवढीच, की बांधकामापूर्वीचा अंदाज आणि नंतर प्रत्यक्षात काय झाले, दोन्ही मराठीत जाहीर व्हावे. २०२४ मध्ये डहाणूजवळच्या वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. तिथून सुरुवात करता येईल. डहाणू परिसरातल्या पुळणींची पावसाळ्याआधी आणि नंतर मोजणी व्हावी, तीही बांधाच्या दोन्ही अंगांना, आणि आकडे दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

आपला,
एक पुणेकर