डायलिसिसला पैसे, गोळीला नाहीत

काष्टीच्या शनिवारच्या बैलबाजारात गेल्या महिन्यात एक जुने परिचित शेतकरी भेटले. मधुमेह जडून त्यांना दहा वर्षे झाली. गोळ्या चालू आहेत ना, असे विचारले तर म्हणाले, "एक दिवसाआड घेतो, सर. तेवढ्यात महिना निघतो." मागणीची लवचीकता आम्ही वर्गात तीस वर्षे शिकवली, इतक्या थोडक्या शब्दांत ती कोणी सांगितली नव्हती.

युरोपात सध्या निराळाच वाद चालू आहे. सेमाग्लुटाइडसारखी मधुमेहावरची आणि वजन घटविणारी नवी इंजेक्शने महाग आहेत. त्यांचा भार कोणी उचलावा? जर्मनीतील सार्वजनिक आरोग्यविमा मधुमेहासाठी हे औषध देतो, केवळ वजनासाठी देण्यास कायदाच मनाई करतो. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने जून 2025 पासून याच जातीचे टिर्झेपाटाइड अतिस्थूल रुग्णांना टप्प्याटप्प्याने देण्यास आरंभ केला. सेमाग्लुटाइड बनविणाऱ्या कंपनीच्या मायदेशात, डेन्मार्कमध्ये, खर्च आवाक्याबाहेर जाऊ लागताच 2024 साली सरकारने अट घातली: आधी स्वस्त औषध, मगच अनुदानित इंजेक्शन. भांडण कडाक्याचे आहे खरे. पण मधुमेहाची साधी गोळी रुग्णाला परवडेल अशी व्यवस्था तेथे फार पूर्वीच झाली आहे, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार मधुमेही सुमारे 10 कोटी. महाराष्ट्रात 2012 साली सुरू झालेली, पुढे महात्मा फुले यांचे नाव दिलेली जन आरोग्य योजना आहे. तिचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत वाढले. आमच्या परिचितांची मूत्रपिंडे निकामी झाली, तर ही योजना डायलिसिसचा खर्च देईल. मूत्रपिंडे शाबूत राहावीत म्हणून घरी रोज घ्यावयाची गोळी मात्र तिच्या कक्षेत नाही. सरकारी दवाखान्यांतील उपचार ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क झाले, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु रोजगार बुडवून जावे आणि "गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या" एवढे ऐकून परतावे, हा अनुभव या गृहस्थांनी दोनदा घेतला. त्यांच्या बैलांना लाळ्या-खुरकुताची लस मात्र सरकारी माणूस गोठ्यात येऊन फुकट टोचून जातो!

आपल्या चळवळीला सारे खापर पेटंटवर फोडण्याची सवय आहे. 1970 च्या कायद्याने औषधाच्या उत्पादनावरील पेटंट नाकारले, त्यातून स्वस्त औषधांचा देशी उद्योग उभा राहिला, आणि 2005 मध्ये जागतिक व्यापार कराराखाली ते पेटंट पुन्हा आले, हा इतिहास खराच. सेमाग्लुटाइडच्या भारतातील मुख्य पेटंटची मुदतही मार्च 2026 पर्यंतचीच. त्यानंतर किमतीत स्पर्धा येणे क्रमप्राप्त आहे. पण मेटफॉर्मिनवर आज कोणाचे पेटंट आहे? अतिशय स्वस्त औषध ते. तरीही अनेक गोळ्यांचे एकत्रित बिल आणि वारंवारच्या तपासण्या मिळून माणूस दिवसाआडाच्या हिशेबावर येतो. किंमत उतरणे वेगळे आणि औषध हाती पडणे वेगळे.

तमिळनाडूने ऑगस्ट 2021 पासून मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या रुग्णाच्या दारात पोचविण्याची योजना चालविली आहे. राज्याच्या महामंडळामार्फत औषधांची घाऊक खरेदी तेथे नव्वदीच्या दशकापासून होते. हे महाराष्ट्राला अशक्य का असावे?

श्रीगोंदा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी निदान एवढे करावे: आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या तीन महिन्यांत मेटफॉर्मिन व इन्सुलिन किती दिवस शिल्लक नव्हते, याची नोंद माहिती अधिकारात मागवावी आणि ती येत्या ग्रामसभेत वाचून दाखवावी.