‘सवय झाली’ म्हणू नका

कर्जत-खालापुरातून रसायनी, पाताळगंगा पट्ट्यात कामाला जाणारी आपली माणसे उग्र वासाबद्दल विचारले की म्हणतात, ‘सवय झाली.’ नाकाला वास येईनासा झाला, म्हणून विष कमी होत नाही. उष्णतेने किंवा विषारी द्रव्याने पेशीतील प्रथिनांची घडी बिघडली, की ती सावरण्यासाठी पेशी रक्षक प्रथिने वाढवते. हा प्रतिसाद रितोसा या शास्त्रज्ञाने फळमाशीत पाहिला. १९६२ साली तो प्रसिद्ध झाला. पण मारा जबर आणि रोजचा असेल, तर हे रक्षकही अपुरे पडतात. भोपाळनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियेतील कामगारांची वर्षातून एकदा तरी वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. कंत्राटी असलात तरी तपासणी मागा, अहवाल जपून ठेवा. तो आपला हक्क आहे.